काढतो कॉम्प्युटर, वळते मी

नाशिक

प्रिय शैला,

तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न वाचून आधी हसले आणि मग तो बराच काळ डोक्यात घोळत राहिला. ‘रोज सकाळी चित्र पाठवतेस, छान असतं, पण ते काढतो कॉम्प्युटर. मग त्यात तू काय करतेस?’ खोचक आहेस, पण प्रश्न रास्त आहे. व्हॉट्सॲपवर अंगठ्याने एवढं सगळं लिहायचं म्हणजे माझा अंगठा सुजायचा, म्हणून कागद घेतला. तू चहा करून घे आणि खिडकीशी बस. बर्गनला पाऊस पडत असणारच.

आधी कॉम्प्युटर काय करतो ते सांगते, म्हणजे माझ्या वाट्याला काय उरतं ते कळेल. शून्यापासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, त्यात एक ठरलेली संख्या मिळवायची. जे उत्तर येईल त्याचा पुन्हा वर्ग, पुन्हा तीच संख्या मिळवायची. बस, एवढंच, फेरीवर फेरी. ठरलेली संख्या १ असेल तर ०, १, २, ५, २६ असं उत्तर सुसाट पळतं. ती उणे १ असेल तर ०, उणे १, ०, उणे १ असं जागच्या जागी झुलत राहतं. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक ठरलेली संख्या, आणि तिला आडवा नि उभा असे दोन भाग असतात. तुझ्या भाषेत रेखांश नि अक्षांश. ज्या ठिपक्याचं उत्तर कितीही फेऱ्या मारल्या तरी मध्यापासून दोनच्या अंतराबाहेर जात नाही त्याला काळा रंग. बाकीचे कधी ना कधी ती वेस ओलांडतात, आणि कितव्या फेरीत ओलांडली त्यावरून त्यांचा रंग ठरतो. सगळे ठिपके रंगवून झाले की मधोमध आडवा पडलेला एक काळा बदाम दिसतो, त्याच्या डावीकडे चिकटलेला एक गोल, आणि दोघांच्या अंगावर असंख्य लहान लहान गोळे. हा मँडेलब्रॉट संच. आत नुसता काळा रंग असतो. सगळी मजा काठावर.

आता इथे तुझं घोडं पुढे दामटशील: म्हणजे सूत्र एक, चित्रही एकच! हो, एकच. मी पाठवते ती सगळी चित्रं त्याच एका चित्राचे बारीक बारीक तुकडे आहेत, कुठे लाखपट मोठे केलेले, कुठे अब्जपट. आणि म्हणूनच मी स्वतःला चित्रकार म्हणवून घेत नाही. हा तुझा विषय आहे, शैला. हा भूगोल आहे. ही जागा माझ्या आधीपासून आहे, मी नसले तरी राहील, आणि त्याच पत्त्यावर तू गेलीस तर तुलाही तेच दिसेल. शौकीन लोकांनी तिथे गावंही वसवली आहेत. बदाम आणि गोल यांच्या मधली खाच म्हणजे समुद्रघोड्यांची दरी, कारण तिथे वळलेल्या शेपट्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. बदामाच्या उजव्या खाचेत हत्तींची दरी, सोंडा वर करून चालणाऱ्या हत्तींची. गोलाच्याही पलीकडे डावीकडे एक लांब काटा गेलाय, त्यावर उणे १.७५ च्या आसपास अख्ख्या बदामाची एक छोटी नक्कल बसलेली आहे. पहिल्यांदा तिथे पोचल्यावर माणूस खुर्चीतून उठून घरातल्यांना हाका मारतो, असा माझा अनुभव आहे. घरातले येत नाहीत, हाही.

या नकलांची गोष्ट मोठी मजेदार आहे. बेन्वा मँडेलब्रॉट मूळचा वॉर्साचा, १९२४ सालचा जन्म, पुढे फ्रान्स आणि मग अमेरिका. १९८० मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्याने ही चित्रं छापून पाहिली तेव्हा मुख्य आकाराच्या आजूबाजूला बारीक ठिपके दिसले. वाटलं छपाईचा कचरा असेल. जास्त बारकाईने काढल्यावर काही ठिपके गेले, काही राहिले, आणि जे राहिले ते मोठे केल्यावर त्यांत पुन्हा तोच बदाम! त्याला वाटलं ही सुटी बेटं आहेत. पण १९८२ मध्ये दुआदी आणि हबर्ड या दोघांनी सिद्ध केलं की बेट असं एकही नाही, सगळं डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यांनी मुख्य भूमीला जोडलेलं आहे. संचाला मँडेलब्रॉटचं नावही त्यांनीच दिलं.

मला मात्र या कथेत जास्त जीव लावावासा वाटतो तो गास्तों ज्युलियाला. पहिल्या महायुद्धात गोळी लागून त्याचं नाक गेलं. उरलेला सगळा जन्म तो चेहऱ्यावर कातडी पट्टा बांधून वावरला. इस्पितळात शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात त्याने याच वर्ग-करा-मिळवा पद्धतीच्या फेऱ्यांचा अभ्यास केला आणि १९१८ मध्ये जवळजवळ दोनशे पानांचा प्रबंध छापला. त्याच सुमाराला फ्रान्समध्येच पिएर फातूही स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. दोघांनाही कॉम्प्युटर नावाची वस्तू ठाऊक नव्हती. जे आकार मी नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर चहा पिता पिता बघते, ते त्यांनी कधी नीट पाहिलेच नाहीत. नुसत्या बुद्धीने चाचपले. १९४५ च्या सुमाराला मँडेलब्रॉटच्या काकाने, तोही गणिती, पुतण्याला ज्युलियाचा प्रबंध वाच म्हणून सांगितलं होतं. पुतण्याने तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

माझी ओळख झाली ती नोकरीत असताना, नव्वदच्या दशकात. आमच्या कॉम्प्युटर विभागात ३८६ जातीची यंत्रं होती, आणि कुणीतरी फ्लॉपीवरून फ्रॅक्टिंट नावाचा फुकट प्रोग्रॅम आणला होता. दशांशाची गणितं त्या यंत्रांना जड जायची, म्हणून लिहिणाऱ्यांनी सगळा हिशेब पूर्णांकांत बसवला होता; बऱ्याच हौशी मंडळींनी मिळून, पैसे न घेता. जेवणाच्या सुट्टीत एखादी चौकट आखायची आणि डबा खायला जायचं. परत यावं तर चित्र अर्ध्यावर. खोलवरचं एखादं असेल तर संध्याकाळी घरी जाताना स्क्रीन झाकून ठेवायची, साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून. पुढे बदल्या, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, यात ते मागे पडलं. निवृत्तीनंतर नातवाने मला केऑस (XaoS) नावाचा प्रोग्रॅम दाखवला. माउसचं डावं बटण दाबून धरलं की पडदा आत आत धावत सुटतो, थांबायलाच नको. त्या दिवसापासून सकाळची पूजा, चहा, आणि मग हे. पेपर नंतर.

तर आता तुझा प्रश्न. मी काय करते? मी वळते.

नीट सांगते, कारण हे पुस्तकांत सहसा सापडत नाही, हाताला कळतं. समज, समुद्रघोड्यांच्या दरीत तू एका छोट्या नकलेकडे चालली आहेस. अजून ती दिसत नाही, पण वाट तिकडेच जाते. निम्म्या खोलीवर तुला आजूबाजूची नक्षी दोनदा दिसेल, समोरासमोर. उरलेल्या वाटेच्या निम्म्यावर ती चार वेळा दिसेल, मग आठ वेळा, मग सोळा, आणि शेवटी मधोमध ती नक्कल. आता गंमत अशी की निम्म्या खोलीवर असताना तू सरळ मध्यात न जाता बाजूच्या एका शेपटीच्या टोकाकडे वळलीस, तर तिथेही दडलेली दुसरी नक्कल असतेच. पण तिच्याकडे जाताना जी नक्षी दुप्पट चौपट होत जाते, ती आता तू जिथे वळलीस तिथली असते. म्हणजे प्रत्येक वळण पुढच्या चित्रात कोरलं जातं. योग्य खोलीवर, योग्य शेपटीकडे वळत वळत काही लोक झाडासारखे, काही साखळीसारखे आकार उभे करतात. सूत्राने ते आकार आधीच ठेवलेले असतात हे खरं. पण जागा इतक्या आहेत की तू निवडलेल्या वाटेने याआधी कुणी गेलं असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तिथे पहिलं पाऊल तुझंच.

बाकीचं काम म्हणजे नाही म्हणणं. सुंदर जागा तिथे पैशाला पासरी आहेत. कुठेही थांब, छानच दिसतं, आणि म्हणूनच बहुतेक चित्रं टाकून द्यावी लागतात. चौकटीच्या मधोमध गरगरणारं चक्र ठेवलेलं चित्र मला आता बघवत नाही. नवशिके सगळे तेच करतात. मला आवडतं एखादी शेपटी चौकटीच्या कोपऱ्यातून आत यावी, मोठा भाग मोकळा राहावा, आणि ती छोटी नक्कल शोधायला बघणाऱ्याला जरा वाकावं लागावं. तुला मी संक्रांतीच्या सुमारास पाठवलेलं निळं आठवतं? ‘यात काय आहे?’ असं तू विचारलंस. तसंच हवं होतं मला.

मग रंग. रंग सूत्रात नसतात. सूत्र फक्त फेऱ्यांचा आकडा देतं. सातव्या फेरीला निळा द्यायचा की शेंदरी ते माझ्यावर. प्रोग्रॅमसोबत येणारे रंगपट भडक असतात, जत्रेतल्या चकत्यांसारखे. मी येवल्याच्या पैठण्यांचे फोटो काढून त्यांतून रंग उचलते. इथून येवलं लांब नाही, आणि माझ्या वहिनीच्या कपाटात मोरपंखी, जांभळी, मिरची लाल असं सगळं आहे. धूपछाँव पोताची युक्ती फार उपयोगी पडली. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि त्यातून दिसणारा तिसरा. तसे दोन रंग जवळजवळ ठेवले तर काठ हलल्यासारखा वाटतो. पण विरोधी रंग अगदी शेजारी ठेवले की गडबड होते. काठाजवळ फेऱ्यांचा आकडा पावलागणिक इतका बदलतो की एकेका ठिपक्याला वेगळाच रंग येतो आणि नुसत्या मुंग्या दिसतात. उपाय साधा. चित्र हवं त्याच्या तिप्पट-चौपट मोठं काढायचं आणि मग आक्रसून घ्यायचं, म्हणजे शेजारच्या ठिपक्यांची सरासरी होऊन काठ मऊ होतो. कॉम्प्युटर तेवढा वेळ कुथत बसतो, मी भाजी निवडून घेते.

तुझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवलेली गोष्ट आता. तू शाळेत मुलींकडून ‘महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किलोमीटर’ घोकून घ्यायचीस. आता ती लांबलेय! भारताचा किनारा जुन्या मोजणीत ७,५१६ किलोमीटर होता, नव्या मोजणीत तो ११,०९८ निघाला. सरकारी जुन्या यादीत महाराष्ट्राचे ६५२ होते, ते ८७७ झाले. समुद्र हललेला नाही. जुना आकडा एकास पंचेचाळीस लाख प्रमाणाच्या नकाशावरून आला होता, नवा एकास अडीच लाखाच्या. नकाशा बारीक झाला तशी दाभोळची खाडी, जयगडची खाडी, त्यांच्या कडेच्या चिंचोळ्या वाटा, सगळं हिशेबात आलं. अजून बारीक मोज, अजून वाढेल. याला शेवट नाही, आणि मँडेलब्रॉटने १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती असा प्रश्न विचारला तो हाच. त्याने आधार घेतला होता लुइस फ्राय रिचर्डसनच्या आकड्यांचा. रिचर्डसनला दिसलं होतं की स्पेन आणि पोर्तुगाल यांची सरहद्द एकच, पण एका देशाच्या पुस्तकात ती ९८७ किलोमीटर तर दुसऱ्याच्या पुस्तकात १,२१४. भांडण नव्हतं, फूटपट्टी वेगळी होती.

आणि तू जाऊन राहिली आहेस कुठे, तर नॉर्वेत! फ्योर्ड वगळून मोजलं तर तुमचा किनारा अडीच-पावणेतीन हजार किलोमीटर. फ्योर्डांच्या आत शिरून मोजलं की अठ्ठावीस हजारांच्या वर. बेटं धरली तर लाखाच्या घरात. सरळ रेषेची मिती १ आणि कागदाच्या पृष्ठाची २ धरली, तर नॉर्वेचा किनारा १.५२ च्या आसपास भरतो. ब्रिटनचा पश्चिम किनारा १.२५. म्हणजे तुझ्या जावयाची बोट ज्या पाण्यात फिरते ते जगातल्या सगळ्यात वळणदार काठांपैकी आहे, आणि तू तिथे बसून मला विचारतेस की मी काय बघत असते. माझ्या काळ्या बदामाचा काठ मात्र तुमच्याही पुढे गेला. त्याची मिती पूर्ण २ आहे, हे शिशिकुरा नावाच्या जपानी गणितीने सिद्ध केलं. रेषा असून पृष्ठाइतकी भरगच्च.

खोल किती जाता येतं, हे परवा आमच्या बागेतल्या कट्ट्यावर एका गृहस्थांनी विचारलं. (त्यांना शेअर बाजाराचा आलेख मी वाचून दाखवेन अशी आशा होती. त्यावरही मँडेलब्रॉटने लिहिलंय, पण मी सांगितलं नाही.) साध्या प्रोग्रॅममध्ये आकडे पंधरा-सोळा अंकांपर्यंतच धरले जातात, त्यामुळे एका मर्यादेनंतर चित्राच्या चौकोनी वड्या पडतात. त्यापुढे जायला लांबलचक आकडे लागतात आणि वेळही तसाच. २०१३ मध्ये के. आय. मार्टिन यांनी एक युक्ती मांडली. एकाच ठिपक्याचा हिशेब सगळ्या अंकांनिशी करायचा, आणि उरलेल्या लाखो ठिपक्यांसाठी फक्त त्याच्यापासूनचा फरक मोजायचा. फरक छोटा, त्याला थोडे अंक पुरतात. पूर्वी ज्याला दिवस लागायचे ते आता माझ्या लॅपटॉपवर चहा निवेपर्यंत होतं. एकावर अठ्ठावीस शून्यं इतपत मोठं केलंस ना, तर त्याच मापाने काढलेला सबंध बदाम दिसणाऱ्या विश्वाहून मोठा होईल. मी रोज इतकी खोल जात नाही. खोलीचा हव्यास पुरुषांना फार, असं माझं निरीक्षण आहे.

एक मात्र मी वारंवार जाऊन बघते. बदाम आणि गोल जिथे टेकतात, तो बिंदू उणे ०.७५. १९९१ मध्ये डेव्हिड बोल नावाचा माणूस तपासत होता की ही मान खरंच शून्य रुंदीची आहे का. त्याने त्या बिंदूच्या बरोबर वर ०.१ अंतरावरचा ठिपका घेतला. तो ३३ फेऱ्यांनी बाहेर पडला. ०.०१ वरचा ३१५ फेऱ्यांनी. ०.००१ वरचा ३,१४३. ०.०००१ वरचा ३१,४१७. दिसतंय का काय चाललंय ते? पाय! वर्तुळ नाही, परीघ नाही, नुसतं वर्ग करा नि मिळवा, आणि त्यातून ३.१४१ डोकावतोय. याची सिद्धता २००१ मध्ये ॲरन क्लेबनॉफने दिली, पण सिद्धतेने माझं आश्चर्य तसूभरही कमी झालं नाही. मी स्वतः छोटासा प्रोग्रॅम लिहून हे आकडे काढले, आणि ३१,४१७ आला तेव्हा यांना झोपेतून उठवलं. यांनी ‘बरं’ म्हणून कूस बदलली.

अलीकडे अशीही चित्रं पुष्कळ निघतात की एक वाक्य लिहायचं आणि यंत्राने पडदाभर नक्षी द्यायची. नातू मला म्हणाला, आजी, तुझ्यासारखं फ्रॅक्टल चित्र काढून देऊ का? दिलं, आणि दुरून छान होतं. मी म्हटलं, आता याच्या या कोपऱ्यात आत जाऊन दाखव. तिथे काही नव्हतंच. नुसती पुसट रंगीत धूळ. सिन्नरचा गोंदेश्वर आपण पाहिला होता ना, तुझ्या लग्नाआधी? भूमिज पद्धतीचं शिखर, आणि त्याच्या अंगावर त्याच शिखराच्या छोट्या प्रतिकृतींच्या रांगा, वर जाता जाता लहान होत गेलेल्या. यादवांच्या काळातल्या त्या कारागिराचा हात छिन्नीच्या टोकापाशी थांबतो, पण तोवर प्रत्येक छोटं शिखर तो पूर्ण घडवतो. जवळ गेलं की तपशील वाढतो. मला तेवढंच हवं असतं.

आता तुझा गृहपाठ. जावयाकडून केऑस उतरवून घे, पैसे पडत नाहीत. डावं बटण आत जायला, उजवं बाहेर यायला, ‘पी’ दाबलं की रंग बदलतात. बदामाच्या माथ्यावर जो सगळ्यात मोठा गोळा आहे तिथे जा, पत्ता उणे ०.१२, ०.७४. त्याच्या शेंड्यावर एक बारीक काडी निघते आणि तिला फाटे फुटतात. जिथे फुटतात तिथे फांद्या मोज, खालून आलेली धरून. तीन येतील. मग तिथून डावीकडे, मोठ्या गोलाकडे, काठाकाठाने खाली उतर. वाटेतला सगळ्यात मोठा गोळा उणे ०.५, ०.५६ वर आहे. त्याच्या फांद्या पाच. मोठ्या गोलाचा आकडा दोन आहे. दोन, तीन, आणि दोघांच्या मधे पाच, लक्षात येतंय? आता तीनवाल्याच्या आणि पाचवाल्याच्या मधला सगळ्यात मोठा गोळा तू शोध, त्याच्या फांद्या मोज आणि पत्राने कळव. अंदाजाने सांगायचं नाही, मोजून.

सगळ्यांना नमस्कार, छोटीला पापा.

तुझी,
कुंदा

ता. क. – काळ्या भागात आत आत जात बसू नकोस. तिथे काहीही नाही, आणि मग रात्री फोन करून म्हणशील की प्रोग्रॅम बिघडला.